दुसऱ्या वहीतलं नाव

थॉर्नहोम, १२ ऑक्टोबर १५४९

प्रिय थॉमसिन,

परवा गुरुवारी दुपारी पेल मास्तरांनी नव्या गाण्याच्या वह्या वाटल्या. मी माझी उघडली, पहिले तीन स्वर मनातल्या मनात म्हटले आणि तिथल्या तिथे माझं सगळं संपलं.

तू म्हणशील, झालं, पेटला हा पुन्हा. पेटलोच आहे. दोन वर्षांपूर्वी मास्तरांचं एक गाणं ऐकून ऑक्सफर्ड अर्धवट टाकून आलो, तेव्हाही पेटलोच होतो; पण त्या आगीत ऊब होती. बाबा अजून गावभर सांगतात ना, ‘पाद्री व्हायला पाठवला, गवई होऊन आला’? त्यांना सांग, गवईसुद्धा धड राहिलो नाही. चर्चमध्ये लॅटिन बंद झालं. आता राजाच्या नव्या पुस्तकातली इंग्रजी प्रार्थना, एका अक्षराला एक स्वर. मास्तर म्हणतात, “वाटाणे सोलताय की गाताय रे? टप्, टप्, टप्!” म्हणून ते स्वतःचं जे नवं लिहितात ते आम्ही त्यांच्या माडीवर, खिडक्या लावून गातो. पाच आवाज, पाच वह्या. प्रत्येकाच्या वहीत फक्त त्याचा आवाज. सगळे आवाज एका कागदावर कुणीच लिहीत नाही. सगळं गाणं एकट्या मास्तरांच्या डोक्यात. पहिली वही न्हाव्याच्या बायकोकडे, दुसरी उर्सुलाकडे, तिसरी म्हाताऱ्या लँबकडे, चौथी माझ्याकडे आणि पाचवी, खर्जाची, एडविन फिंचकडे.

उर्सुलाबद्दल तुला लिहिलं होतंच. मास्तरांची पुतणी. मास्तरांचे हात कापतात, म्हणून ते पुटपुटतात आणि ती सगळ्या वह्या लिहिते. ऑगस्टमध्ये मी तिला सरळ विचारलं होतं, माझ्याशी लग्न करशील का. ती म्हणाली, “तोंडानं काही सांगितलं तर तुम्ही त्यावर वाद घालाल. काका नवं गाणं लिहितायत. त्यांना मी एक नाव दिलंय. तेच माझं उत्तर. वाचा म्हणजे कळेल.”

मास्तरांची ही जुनी सवय आहे, सगळ्यांना ठाऊक असलेली. गाणं ज्याच्यासाठी, त्याच्या नावातून पहिले स्वर काढायचे. मेलेल्या बायकोच्या नावाचं गाणं तर आम्ही शंभरदा गायलो असू. म्हणजे दोन महिने मी या वहीची वाट पाहत होतो, थॉमसिन. भाकरीची नाही, पगाराची नाही, या वहीची.

माझ्या वहीत नाव आहे एडविन फिंच.

पिंपं बनवणारा एडविन! आवाजही पिंपातूनच काढतो. पाचव्या वहीत त्यालाही तेच दिसलं असणार, कारण वाटाण्यासारखे डोळे करून तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “गार्थ, माझं नाव गातोयस बाबा. जरा गोड गा की!” आणि गाणं सुरू करायचा मान दुसऱ्या वहीचा. म्हणजे तिनंच सुरू केलं, माझ्याकडे बघून. वर हसली. इतका निर्दयपणा मी तिच्यात कधी पाहिला नव्हता.

मी शेवटपर्यंत गायलो, वही मिटली आणि कुणाशी न बोलता आलो. आता काय करू?

तुझा रोलंड

—

बोस्टन, २५ ऑक्टोबर

रोली, माझ्या गाढवा,

तुझं पत्र तुझ्या मेहुण्याला, ह्यूला वाचून दाखवलं. दोर वळता वळता म्हणाला, “तुझ्या भावाला आमच्या कारखान्यात पाठव. दिवसभर उलटं चालत दोर वळला की प्रेम उतरतं.” मी त्याला दटावलं; पण खरं सांगू, मलाही हसू आलं.

त्या मुलीला तोंड आहे ना? तुला आहे ना? मग तिला जाऊन विचार, ‘बाई, हे काय?’ एवढंच. तीन शब्द. ऑक्सफर्डला दोन वर्षं वाद घालायला शिकलास आणि इथे कागद बघून पळालास! आपल्या आईनं बाबांना होकार दिला तो एका खारवलेल्या हेरिंगच्या तुकड्यावरून. बाजारात त्यांनी मागितलेला शेवटचा तुकडा तिनं दुसऱ्याला विकला नाही. बाबांना ते चार महिन्यांनी कळलं, तेही तिनं सांगितल्यावर. बाई माणूस कुठून बोलेल सांगता येत नाही. म्हणून विचारावं.

आणि हे मला कळलं नाही की ठिपक्यांमधून नाव कसं वाचतात? ठिपक्यांना काय अक्षरं फुटतात? नीट समजावून लिही. नाहीतर मला वाटेल तू दारू पिऊन वाचलंस.

धाकट्या लेकीला खोकला आहे. बाकी ठीक.

थॉमसिन

—

थॉर्नहोम, ९ जानेवारी १५५०

प्रिय थॉमसिन,

मी विचारलं नाही. विचारणारही नाही. तीन महिने मी तिच्याशी कामापुरतं बोलतो. आधी ती गोंधळली, मग गप्प झाली, हल्ली माझ्याकडे बघतही नाही. म्हणजे तिची लाज तरी शाबूत आहे.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आमच्या स्वरांची नावं सहा: उत, रे, मी, फा, सोल, ला. नावात ‘ओ’ असेल तर सोल घ्यायचा, ‘ए’ असेल तर रे, ‘इ’ असेल तर मी, ‘अ’ला नाहीतर ‘आ’ला फा किंवा ला, ‘उ’ला उत. एड-विन-फिंच: ए, इ, इ. रे, मी, मी. झालं नाव. आता ठिपक्यांना ही नावं कशी लागतात? ओळीच्या सुरुवातीला एक छोटं, गोल पोटाचं ‘बी’ अक्षर असतं, ती कोमल खूण. ती असली की एका ठिपक्याला रे म्हणतात आणि त्याच्या वरच्याला मी. ती नसली तर तेच ठिपके सोल आणि ला होतात. माझ्या वहीत ती आहे. प्रत्येक ओळीला, ठळक, गोल, शिवी दिल्यासारखी. मी दारू पिऊन वाचलेलं नाही.

आता कामाचं. नाताळात हुकूम आलाय, जुन्या प्रार्थनेचं प्रत्येक पुस्तक आणून द्यायचं, फाडायला नाहीतर जाळायला. राजाची माणसं गावोगाव फिरतायत. मास्तर रडले. म्हणाले, “माझी बाकीची गाणी घेऊन जाऊ देत. ही एक नको. ही कुणाच्या मरणासाठी लिहिलेली नाही.” मग ठरलं की पाची वह्या एका जागी ठेवायच्या नाहीत. चार एडविन लपवणार. तो म्हणाला, “ऑर्गनच्या भात्याखाली जागा आहे. तिथं उंदीर आणि मी सोडून कुणी जात नाही.” उरलेल्या एकीचं काय, असं मास्तरांनी विचारलं, तेव्हा उर्सुला पहिल्यांदाच बोलली. “दुसरी वही बोस्टनला, रोलंडच्या बहिणीकडे जाऊ दे.”

तिनंच ती कापडात शिवली. माझ्या हातात दिली आणि मास्तरांकडे पाठ करून म्हणाली, “पाठवण्याआधी एकदा उघडून बघा.” मी म्हटलं, “कशाला? मला गाणं पाठ आहे.” ती म्हणाली, “तुम्हाला तुमची वही पाठ आहे.” मी म्हटलं, “तेवढी पुरे झाली.”

उघडली नाही. तिथेही त्याचंच नाव वाचायचं, तेही तिच्या स्वतःच्या वहीत? शिवण आहे तशी गाडीवाल्या वॉटबरोबर पाठवतोय. पिठाच्या कणगीत ठेव नाहीतर कुठेही.

रोलंड

—

बोस्टन, १० फेब्रुवारी

रोली,

वॉटची गाडी पुरानं अडकली होती. वही काल मिळाली, कोरडी आहे. हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. पण तो म्हणतो रस्ता अजून पाण्याखाली आहे, आठवडा लागेल की दोन, देव जाणे.

ऐक. शिवण मी उसवली. घरात काय ठेवते आहे ते मला माहीत हवं ना? ह्यू पुन्हा हसला, म्हणाला, “आता तूही गवई होणार.” मी तुझं पत्र समोर ठेवलं आणि पहिलं पान उघडलं. फार सुंदर अक्षर आहे तिचं. पहिल्या तीन ठिपक्यांभोवती तिनं एक बारीक वेल काढलीय. मी ते पोटवालं ‘बी’ शोधलं. नाही. दुसरी ओळ बघितली, तिसरी बघितली, सगळी पानं उलटली. कुठेच नाही. आधी वाटलं, विसरली असेल. मग वाटलं, इतकी वेल काढणारी बाई एवढं विसरेल?

मग तू लिहिलं होतंस तसं बोटांवर मोजत बसले. ‘बी’ नसेल तर रेचं सोल आणि मीचं ला. सोल, ला, ला. ओ, अ, आ.

रो-लंड-गार्थ.

रोली! तीनदा पडताळून पाहिलं. ह्यूलाही करायला लावलं. तो दोर सोडून उभा राहिला आणि म्हणाला, “हे तर आपल्या रोलीचं नाव.” ते तुझं नाव आहे, मूर्खा. तुझ्या वहीत ‘बी’ का आहे ते मला कळत नाही. पण तिच्या वहीत नाही. तिनं सांगितलं होतं ना तुला, उघडून बघ म्हणून?

हे मिळेल तेव्हा असशील तसा ऊठ आणि तिच्याकडे जा. टोपी घालायलाही थांबू नकोस.

थॉमसिन

—

थॉर्नहोम, १९ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

प्रिय थॉमसिन,

तुझं पत्र नाही. पूर आहे म्हणतात. पण आता तुझा सल्ला यायची वाट बघण्यासारखं काही उरलेलं नाही.

जे केलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगताना हात थांबत नाही याचीच मला भीती वाटते. सोमवारी राजाची माणसं आली. चर्चमधली मोठी पुस्तकं त्यांनी आधीच घेतली होती. आम्हा गायकांना रांगेत उभं करून विचारलं, अजून कुठे काही आहे का? सगळे नाही म्हणाले. मीही. मग बाहेर पडताना एडविन माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, “गार्थ, लेंटचे उपासाचे दिवस संपले की माझं आणि उर्सुलाचं लग्न आहे बहुतेक. माझ्या नावाचं ते गाणं तूच गायचं हं, चोरून का होईना.”

मी परत फिरलो. अधिकारी जिना उतरत होता. मी त्याला म्हणालो, “ऑर्गनच्या भात्याखाली बघा. फिंचनं लपवलंय.”

एवढंच, थॉमसिन. दोन वाक्यं. चर्चच्या दारात मी अजून उभा होतो तोवर ते चार वह्या घेऊन आले.

काल जाळल्या. लोक उभे होते. पेल मास्तर दोन पावलं पुढे गेले, हात वर केला, जणू सूर द्यायचाय, आणि तसेच बाजूला कलले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. एडविन म्हणाला, “सगळं मी केलं, म्हाताऱ्याला काही माहीत नव्हतं.” त्याला वेशीच्या कोठडीत टाकलंय. कुणी सांगितलं ते कुणाला कळलेलं नाही. लँबवर संशय आहे, कारण तो म्हातारा घाबरट.

उर्सुला मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसली होती. मी जवळ गेलो. ती म्हणाली, “पाय धरा.” आम्ही दोघांनी त्यांना घरी नेलं. मी पाय धरले, तिनं डोकं.

आज कपाळाला राख लावायची प्रथाही बंद. बरंच झालं. मला वाटलं होतं, एकदा त्याचं नाव जळून गेलं की आत थंड होईल. नाही झालं.

हे पत्र वाचून जाळून टाक.

रोलंड

—

थॉर्नहोम, २६ फेब्रुवारी

थॉमसिन,

तुझं पत्र आज आलं.

मास्तर खालच्या आवाजांच्या वह्यांना नेहमी ‘बी’ देतात. तिसरी, चौथी, पाचवी. वरच्या दोन वह्यांना देत नाहीत. मी दोन वर्षं त्यांच्याकडे शिकतोय. मला हे माहीत होतं. मला हे इतकं माहीत होतं की त्या दिवशी आठवलंच नाही. आणि कानांना काय कळणार? ती गात होती सोल, ला, ला. मी ऐकत होतो रे, मी, मी. दोन्ही एकच सूर. नाव कागदावर असतं, आवाजात नसतं. एडविनच्या वहीतही ‘बी’ होता. त्या बिचाऱ्यानंही खरंच वाचलं. तो मला चिडवत नव्हता. तो खूश होता.

आज तीनदा तिच्या फाटकापर्यंत गेलो. टोपी घातली नव्हती.

आत नाही गेलो.

रोलंड

—

बोस्टन, २२ मार्च

रोली,

तुझं बुधवारचं पत्र मी चुलीत टाकलं. ह्यूला दाखवलं नाही. तू काय केलंस त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. लिहायला घेतलं तर थांबणार नाही.

उर्सुला इथे आली होती. एकटी, वॉटच्या गाडीतून, वही घ्यायला. “पाचातली ही एकच उरली,” म्हणाली. मी तिला गरम मटारची आमटी दिली. दोन घास खाऊन तिनं वाडगा बाजूला सरकवला. तिला वाटलं होतं तू तिचा खूप तिरस्कार करतोस, असं दिसलं. कारण ती माझ्याकडेही घाबरत बघत होती. मग तिनं विचारलं, “रोलंडनी उघडून पाहिली होती का?”

रोली, मी काय सांगणार होते? खरं सांगायचं तर असं सांगावं लागतं: माझ्या भावानं आपल्या वहीत एडविनचं नाव वाचलं, म्हणून तो जळत राहिला. आणि हे ऐकल्यावर ती मुलगी दुसऱ्या श्वासाला विचारेल की मग एडविनचं नाव सांगितलं कुणी. ती काही मूर्ख नाही. दोन्ही गोष्टी एकाच शिवणीतल्या आहेत. एक उसवली की दुसरी उसवते.

म्हणून मी म्हणाले, “शिवण तशीच होती. मी उसवली.” हे खोटं नाही. पण त्यापुढचं बोलले नाही, हे खोटं आहे.

तिनं वही मांडीवर घेतली. मग म्हणाली, “म्हणजे बघायचीही इच्छा नव्हती.” मग वही उघडून, त्या वेलीवर बोट ठेवून ती मला समजावू लागली, तिथे काय लिहिलंय ते. मला! मी तर तिच्याआधी तुला लिहिलं होतं. मी मान हलवत ऐकत बसले. याहून वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

एडविनला सोडलंय. कोठडीत पिळून त्याची बोटं सुजली आहेत. पिंपांचं काम काही महिने होणार नाही. त्यानं तुमच्या मास्तरांचं नाव शेवटपर्यंत घेतलं नाही. त्यानं तिला पुन्हा विचारलंय आणि ती हो म्हणाली आहे. ईस्टरनंतरच्या रविवारी चर्चमध्ये त्यांची नावं पहिल्यांदा पुकारतील.

आता तू ठरव. गप्प राहिलास तर ती तुला दगड समजून विसरेल आणि सुखी होईल. बोललास तर तिला कळेल की तिच्यावर कुणी किती प्रेम केलं होतं. आणि कुणी काय केलं तेही. मी तुझी बहीण आहे; मला वाटतं गप्प राहा. पण मी त्या मुलीला आमटी वाढली आहे. तेव्हा माझं ऐकू नकोस.

धाकटी गेली. खोकला होता तो. चार आठवडे झाले. लिहायचं टाळलं.

थॉमसिन

—

स्लीफर्डच्या वाटेवरून, १५ एप्रिल

प्रिय थॉमसिन,

धाकटीचं वाचलं. तुझ्या घरात हे चाललं होतं आणि मी तुला कणगीत वही ठेव म्हणून सांगत होतो. मला माफ कर म्हणायलाही तोंड नाही.

रविवारी चर्चमध्ये नावं पुकारली. उर्सुला पेल आणि एडविन फिंच. पाद्री म्हणाला, कुणाला काही हरकत असेल तर सांगा. मी रांगेत उभा होतो. हरकत कसली घेणार?

काल दुपारी गेलो. दार एडविननंच उघडलं. “अरे गार्थ! ये, ये. आलास बरं केलंस, म्हाताऱ्याला माणसं आवडतात.” त्याचा हात माझ्या हातात घेतला तर तो हातच लागेना, नुसती सूज. मास्तर खिडकीपाशी खुर्चीत. उर्सुला त्यांना दुधात भिजवलेला पाव भरवत होती. तिनं वर बघितलं, “बसा” म्हणाली आणि पुन्हा चमचा भरला. पाहुण्याला म्हणतात तसं.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. आधी ते सांगितलं, जे मला सोपं होतं: माझ्या वहीत ‘बी’ होता, मी एडविनचं नाव वाचलं. ती चमचा धरून थांबली. तिच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी पाहिलं, थॉमसिन. क्षणभरच, पण पाहिलं. तिथे थांबलो असतो तर तो चेहरा आयुष्यभर पुरला असता. मग उरलेलं सांगितलं. जिना, अधिकारी, दोन वाक्यं.

कुणी ओरडलं नाही. मी त्याचीच तयारी करून गेलो होतो, शिव्यांची, ठोशाची. एडविन बाकावर बसला. आपल्या बोटांकडे बघत त्यानं विचारलं, “म्हणजे ते नाव माझं नव्हतं?”

कोठडीचं नाही विचारलं. बोटांचं नाही. एवढंच विचारलं. मला वाटलं होतं मी त्याचं जे काही हिरावून घ्यायचं ते फेब्रुवारीत घेतलं. नाही, सर्वांत मोठं काल घेतलं.

उर्सुला त्याला म्हणाली, “खालच्या वह्यांना काका नेहमीच ‘बी’ देतात, एडविन. नाव गाणं सुरू करणाऱ्याच्या वहीत असतं.” मग माझ्याकडे न बघता, “दोन वर्षं गाताय तुम्ही दोघं. दोन वर्षं!” तिला हसू आलं की रडू, मला ओळखता आलं नाही. मला तिच्यातलं काहीच कधी ओळखता आलेलं नाही.

एडविन चाचरत म्हणाला, “मग रविवारचं... तू म्हणशील तर पाद्र्याला मी सांगतो. माझा राग नाही.”

ती म्हणाली, “रविवारी जे नाव पुकारलं तेच. बस खाली.”

मी जायला वळलो तर म्हणाली, “थांबा. तुम्हाला तुमची वही पाठ आहे ना?”

मी म्हटलं, “हो.”

तिनं मास्तरांचं तोंड पुसलं. फळीवरून कोरा कागद काढला, पाच टोकांची लेखणी शाईत बुडवली आणि एका ओढीत पाच रेघा मारल्या. त्यांच्याखाली आणखी पाच. “एडविनचा आवाज मी गेल्या आठवड्यात उतरवून घेतला. माझा आहेच. लँब म्हणतो, भीतीनं त्याला एक सूरही आठवत नाही. न्हाव्याची बायको वाचून गायची, पाठ काहीच नाही. पहिला आणि तिसरा गेले. तुमचा द्या.”

“आत्ता?”

“मग कधी? पुन्हा येणार आहात?”

मी गायलो. भर दुपारी, उघड्या खिडकीसमोर, लॅटिन. कुणी ऐकलं असतं तर पकडलं असतं; तिनं खिडकी लावली नाही, मी लाव म्हटलं नाही. ती लिहीत होती. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘बी’ काढत होती, गोल, ठळक, न चुकता. मधेच दोनदा म्हणाली, “पुन्हा.” एकदा म्हणाली, “इथे तुम्ही नेहमीच घाई करता. किती मात्रा थांबायचं आहे?” मी म्हटलं, “चार.” तिनं चार लिहिल्या.

एकटा चौथा आवाज ऐकायला काही नसतं, थॉमसिन. मधेच लांब गप्प राहायचं, इतरांच्या खाली सरकायचं, कुणाच्या तरी सुरावर टेकायचं. टेकायला कुणी नव्हतं. गप्प राहायच्या जागी मी गप्प राहत होतो आणि खोलीत फक्त लेखणीची करकर. एकदा एडविननं नकळत खालून आवाज लावला, आणि लगेच बंद केला.

शेवटचा सूर झाला. तिनं शाई सुकायला वाळू टाकली, झटकली, कागद मास्तरांसमोर धरला. त्यांनी डाव्या हातानं तो जवळ ओढला आणि बोट ठेवून पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. एका जागी बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं का, आधीपासून कळत होतं का, मला माहीत नाही. वाचा नसलेल्या माणसाच्या डोळ्यांत आपण आपल्याला हवं ते वाचतो, आणि वाचण्यावर माझा आता विश्वास राहिलेला नाही.

“एक स्वर चुकलाय,” उर्सुला त्यांचं बोट बघून म्हणाली. तिनं तो खरवडून काढला, नीट केला. मग उठली, दाराची कडी काढली आणि बाजूला उभी राहिली.

मी म्हटलं, “उर्सुला.”

ती म्हणाली, “झालं तुमचं काम.”

एडविन बाकावर तसाच बसला होता, पाठ करून. मी त्याला काही म्हणायला तोंड उघडलं. त्यानं सुजलेला हात वर केला, म्हणजे नको.

मी बाहेर पडलो आणि आपल्या हातानं दार लावून घेतलं.